ऑफ म्हणजे दर वेळी 'बंद' नव्हे! या चुका टाळा

ऐरोलीत नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते, नाइट शिफ्टला लंडनच्या टीमचा मेसेज आला, 'फायर अलार्म वेन्ट ऑफ', आणि मी बिनधास्त रिप्लाय टाकला, 'ओके, प्लीज स्विच इट ऑन अगेन'. तिकडे सगळे जिना उतरून रस्त्यावर उभे आणि मी त्यांना सांगतोय अलार्म परत चालू करा. अजून चिडवतात.

लाइट 'गोज ऑफ' झाली तर जाते, पण अलार्म 'गोज ऑफ' झाला तर वाजतो, बॉम्ब असेल तर फुटतो. आपण शाळेपासून ऑफ म्हणजे बंद एवढंच धरून बसतो ना, तिथेच घोळ होतो. मला विचाराल तर 'बंद'पेक्षा 'सुटणं' लक्षात ठेवा. बघा ना, बंदुकीची गोळी सुटते, ठाण्याहून गाडी सुटते, ऑफिसला सुट्टी असते, दुकानात वीस टक्के सूट असते, या सगळ्याला इंग्रजीत ऑफ येतो. सगळीकडे नाही बसत हे, म्हणजे दूध 'ऑफ' झालं तर ते नासलेलं असतं, तिथे सुटणं कुठून आणणार, ते पाठच करायचं.

'टुडे इज माय ऑफ' हे फक्त आपल्याकडे चालतं, बाहेरच्या क्लायंटला 'डे ऑफ' लिहा. आणि नुसतं 'आय ॲम ऑफ' म्हणालात तर समोरचा समजेल की तुम्ही निघालात, तो बाय म्हणेल.

मीटिंगचं तर जपूनच. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलली, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द. माझ्या एका मित्राने पुट ऑफ वाचलं, रद्द समजला आणि नव्या तारखेला वाशीच्या मॉलमध्ये फिरत होता, इकडे सगळे त्याची वाट बघतायत.

ट्रेनमधून 'गेट डाउन' नाही, 'गेट ऑफ'. क्रिकेटमधला ऑफ वेगळाच, ती बॅट्समनची बाजू, डावखुरा आला की पलटते.

आता स्पेलिंग. एका एफचा शब्द म्हणजे 'चा-ची-चे'वाला, त्याचा उच्चार ऑव्ह, आणि दोन एफचा हा आपला ऑफ. मुळात दोन्ही एकच शब्द होते, जोर देऊन बोलायचा तो ऑफ झाला, स्पेलिंगं वेगळी पक्की व्हायला सतरावं शतक उजाडलं, त्यामुळे आपण गोंधळलो तर फार लाजायला नको, पण मेलमध्ये ते दिसतं. आमच्या सोसायटीच्या पंपरूमवर 'स्विच ऑफ' एकाच एफने लिहिलं होतं, मी मार्करने दुसरा एफ घातला, मग दिवाळीला रंगकाम निघालं आणि पेंटरने नव्याने एकदम सुंदर अक्षरात लिहिलं, परत एकाच एफने.