विगवर चष्मा लावताना

विग घातल्यावर चष्मा लावला की काड्यांमुळे विग कानांजवळ उचलला जातो आणि लोकलच्या गर्दीत तर तो हळूहळू मागे सरकू लागतो.

१. आधी विग नीट बसवावा. कानांपुढे येणाऱ्या त्याच्या दोन छोट्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर आहेत, हे आरशात पाहून घ्यावे.

२. मग चष्म्याच्या काड्या समोरून सरळ मागे सरकवाव्यात, त्या विगच्या केसांखालून पण या पट्ट्यांवरून जातील अशा. काडी पट्टीच्या आत गेली की विग फुगतो आणि तासाभरात कानामागे दुखू लागते.

३. मास्क किंवा श्रवणयंत्र वापरत असल्यास कानांवरची गर्दी कमी करणे उत्तम, म्हणून डोक्यामागे बांधायचा मास्क घ्यावा. लोंबती कानातली केसांत अडकतात. त्याऐवजी कुड्या बऱ्या.

काढताना मात्र क्रम उलटा, म्हणजे आधी चष्मा आणि मग विग.

विग सरकतो म्हणून मानेजवळचे पट्टे फार आवळू नयेत. मुंबईच्या दमट हवेत आत घाम साचतो, आणि केमोथेरपीनंतर टाळू हुळहुळी झाली असेल तर तिथे व्रण पडू शकतात. पातळ सुती टोपी आत घालणे अधिक सोयीचे.