जॅकोबाइट उठावांवर वॉरगेम करायचाय? मग पुस्तकं अशी निवडा

जॅकोबाइट म्हणजे ब्रिटनच्या गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याचे पाठीराखे, आणि वॉरगेम म्हणजे टेबलवर छोटे शिपाई (फिगर्स) मांडून खेळायची लढाई. आधी एक ठरवा, कुठला उठाव. १६८९, १७१५, १७१९ आणि १७४५, हे चारही एकाच पुस्तकात उरकणारी पुस्तकं मिळतात, पण गेमसाठी ती पुरत नाहीत. १६८९ ला किलिक्रँकीच्या लढाईत सरकारी शिपायांची संगीन नळीच्या तोंडातच खुपसायची असायची, म्हणजे ती लावली की बार काढता येत नाही, आणि हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले जॅकोबाइट, उतारावरून अंगावर आले तेव्हा लावायला वेळच मिळाला नाही. १७४६ च्या कलोडनला, म्हणजे १७४५ च्या उठावाच्या शेवटच्या लढाईत, संगीन नळीवर बाहेरून बसायची, लावूनही गोळी झाडता यायची. दोन्हीकडे हातघाईचे एकच रूल्स लावले तर गेम चुकणारच.

सुरुवात १७४५ च्या उठावापासून करा, कारण पुस्तकं सगळ्यात जास्त त्यावरच आहेत. जॉन प्रेबलचं १९६१ चं ‘कलोडन’ बहुतेकांच्या हातात पहिल्यांदा येतं, वाचाच, लढाईनंतर माणसांचे जे हाल झाले ते वाचून मन सुन्न होतं, पण त्यावरून पलटणी मांडू नका. त्यासाठी स्टुअर्ट रीडचा १९९६ चा १७४५ च्या उठावाचा लष्करी इतिहास आणि क्रिस्टोफर डफीचं २००३ चं पुस्तक घ्या. शिवाय मरे पिटॉकचं ‘द मिथ ऑफ द जॅकोबाइट क्लॅन्स’, म्हणजे ही फौज नुसती हायलँडच्या क्लॅन्सची (कुळांची) नव्हती हे पटतं.

पुस्तक विकत घ्यायच्या आधी मी शेवटची सूची उघडतो. ऑगिल्वीची रेजिमेंट, रॉयल एकोसे, आयरिश पिकेट्स, मँचेस्टर रेजिमेंट ही क्लॅन्सबाहेरच्या तुकड्यांची नावं आहेत का? नुसते कॅमेरॉन आणि मॅकडोनल्ड हे क्लॅन दिसले तर गेमच्या कामाचं नाही.

दुसरं, बंदुका. कलोडननंतर सरकारी फौजेने मैदानातून २,३२० बंदुका गोळा केल्या आणि रुंद पात्याच्या तलवारी फक्त १९०. आता शिपायांनी चांगल्या तलवारी स्वतःकडे ठेवल्या असतील असंही म्हणता येतं, पण लेखक या आकड्याबद्दल काहीच बोलत नसेल आणि पानोपानी तलवारीच फिरवत असेल तर तुमचे फिगर्सही तसेच चुकीचे होणार.

तिसरं म्हणजे संख्या, इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. बखरीतला लाखभर फौजेचा आकडा आपण जसा जपून घेतो तसंच इथेही. कागदावरची फौज आणि त्या दिवशी मैदानात उभी असलेली फौज वेगळी असते, कलोडनच्या आदल्या रात्री नेर्नकडे काढलेली चाल फसली, लोक उपाशी परतले, बरेच जण झोपले होते किंवा अन्न शोधायला गेले होते. हे सांगणारं आणि आकडा कुठून घेतला तेही देणारं पुस्तक महाग असलं तरी घ्या.

तारखांनी गोंधळू नका, ब्रिटनमध्ये तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, कलोडन १६ एप्रिलला, पण फ्रेंच कागदात तीच लढाई २७ एप्रिलची, ११ दिवसांचा फरक.

फिगर्सच्या रंगकामासाठी ऑस्प्रे प्रकाशनाची पातळ पुस्तकं बरी, फक्त आज दुकानात मिळणारे ठरलेले क्लॅन टार्टन (प्रत्येक क्लॅनच्या चौकटीच्या कापडाचे नमुने) बहुतेक नंतरच्या काळातले आहेत, ते सगळ्या फिगर्सना लावू नका. नकाशांसाठी खर्चच नको, १७४७ ते १७५५ मध्ये विल्यम रॉयच्या देखरेखीखाली झालेला स्कॉटलंडचा लष्करी सर्व्हे स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर फुकट बघता येतो. पण कलोडनच्या दगडी भिंती टेबलवर नक्की मांडा, त्या पाडूनच सरकारी घोडदळाला वाट करून दिली होती.

१७१५ करायचं असेल तर डॅनियल सेचीचं २००६ चं पुस्तक बघा.

आणि दोन पुस्तकांत अडकलात तर दोन्हीतलं याच उठावातल्या फॉल्कर्कच्या लढाईचं प्रकरण काढून वाचा, १७ जानेवारी १७४६. पाऊस, वारा, अंधार पडत आलेला, आणि सरकारी ड्रॅगून (घोडेस्वार) अंगावर येईपर्यंत हायलँडर गोळी न झाडता थांबले आणि मग अगदी जवळून एकदम बार काढला. कोण कुठे उभं होतं, मधली घळ कुठे होती, दोन्ही फौजांची एकेक बाजू का मोडली हे ज्या पुस्तकातून कळतं आणि टेबलवर मांडता येतं, ते घ्या.