कॉर्नवॉलकरांसारखी सुट्टी विदर्भात कशी घ्यावी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलला तीन बाजूंनी समुद्र आहे आणि चौथ्या बाजूला बहुतांश टॅमर नदीची सीमा आहे. जुलैच्या अखेरीस इंग्लंडमधील शाळांना सुट्ट्या लागल्या की तेथील अरुंद रस्त्यांवर बाहेरगावच्या गाड्यांच्या रांगा लागतात. त्या दिवसांत अनेक कॉर्नवॉलकर हॉटेले, दुकाने आणि होड्या सांभाळण्यात गुंतलेले असतात, कारण त्यांचे पोटच पर्यटनावर चालते. सप्टेंबरमध्ये पाहुणे परतले की त्यांची स्वतःची सुट्टी सुरू होते, आणि ती घालवण्यासाठी त्यांतील बरेच जण टॅमर ओलांडतही नाहीत.

यामागे अभिमान आहेच. त्यांचा काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या क्रॉसचा स्वतंत्र ध्वज आहे, जवळजवळ लोपलेली भाषा ते पुन्हा शिकत आहेत, आणि २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. पण केवळ अभिमानापोटी कोणी दरवर्षी त्याच किनाऱ्यावर जात नाही. उत्तरेचा किनारा अटलांटिकच्या लाटा झेलणारा, उंच कड्यांचा आहे, तर दक्षिणेला फाल आणि हेलफर्डसारख्या नद्यांच्या शांत खाड्या आहेत. दोन्हींमधले अंतर इतके थोडे आहे की सकाळी वाऱ्याची दिशा पाहून कोठे जायचे ते ठरवता येते. उन्हाळ्यात अनेक किनाऱ्यांवर कुत्र्यांना मज्जाव असतो, तो शरद ऋतूत उठतो. हजार किलोमीटरहून लांब असलेल्या किनारी पायवाटेचा कॉर्नवॉलमधील भाग स्थानिक माणूस थोडाथोडा करून वर्षानुवर्षे चालतो. आठवडाभरासाठी आलेल्या पाहुण्याला यातले काहीच परवडत नाही.

नागपूरकराचा शिरस्ता नेमका उलटा आहे. सुट्टी म्हणजे पचमढी, गोवा किंवा मनाली, आणि घरी पाहुणे आले की त्यांना दीक्षाभूमी व फुटाळा दाखवून आणणे. हे दाखवणे म्हणजे यजमानपण झाले, सुट्टी नव्हे. कॉर्नवॉलकरांची रीत येथे आणायची असेल, तर पहिली अट अशी की कार्यालयातून खरी रजा घ्यावी, तीही सोमवार ते गुरुवारमधली, आणि निदान एक रात्र घराबाहेर काढावी. सायंकाळी घरी परतून दुसऱ्या दिवशीच्या डब्याची चिंता करणाऱ्याची सहल होते, सुट्टी होत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. वाघ पाहण्यासाठी बाहेरचे लोक ताडोबा आणि पेंचला एप्रिल-मेमध्ये गर्दी करतात, कारण पाणवठे आटले की प्राणी उरलेल्या पाण्यावर येतात. वाघाचा हट्ट नसलेल्या स्थानिकाने त्या काळात जंगलाच्या वाटेला जाऊ नये. डिसेंबरातील पेंच त्याच्यासाठी अधिक चांगले, कारण जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळालेले हे जंगल हिवाळ्याच्या निरभ्र रात्री तारे पाहण्यासाठी उत्तम आहे. पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पांचे गाभा क्षेत्र बंद असते. ते महिने रामटेकसाठी ठेवावेत. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराच्या तोडणीच्या वेळी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, ओळखीच्या शेतकऱ्याला आधी विचारून जावे.

तिसरी गोष्ट म्हणजे एका वेळी एकच दिशा धरावी. रामटेक नागपूरहून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, आणि बहुतेक जण गडमंदिरात दर्शन घेऊन, माकडांपासून प्रसाद वाचवून, दोन तासांत परततात. त्याच टेकडीवर वाकाटककालीन केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही पाचव्या शतकातील मंदिरे आहेत, ज्यांतील नरसिंहाची बसलेली भव्य मूर्ती पाहण्यासाठी थोडी वाट वाकडी करण्याचीच काय ती गरज आहे. गडावरून उतरून संध्याकाळ अंबाळा तलावाच्या घाटांवर घालवावी आणि मुक्काम रामटेकलाच करावा. दुसऱ्या दिवशी जवळच्या नगरधनला जावे. तेथील भोसलेकालीन किल्ला बहुतेकांना ठाऊक असतो; पण वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, आणि गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिने अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्यकारभार येथूनच चालवला, हे मुलांना तेथे उभे राहून सांगावे. वेळ उरला तर मनसरचे उत्खनन आणि खिंडसी तलाव आहेत. न उरला तर ते पुढच्या वर्षी.

पन्नास किलोमीटरही दूर वाटत असतील, तर काटोल रस्त्यावरील जुनापाणी गाठावे. तेथे लोहयुगातील सुमारे तीनशे शिळावर्तुळे आहेत आणि काही दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे दिसतात. कॉर्नवॉलमध्ये पेन्झान्सजवळ एकोणीस दगडांचे, याहूनही प्राचीन असे एक वर्तुळ आहे, आणि तेथे वाऱ्यात बसून डबा खाणारी कुटुंबे हमखास दिसतात. आपल्याकडे शेकडो वर्तुळे शहराच्या वेशीवर असूनही फिरकतो कोण? जाताना थंडीतील सकाळ निवडावी, कारण सावली फारशी नाही.

जेवणाचे फार नियोजन नको. कॉर्नवॉलकर आपल्या गावच्या बेकरीतील पेस्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी करंजी, घेऊन निघतो. आपण हिवाळ्यात एखाद्या शेतावर गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी असा बेत आखावा. वर्धा-सेवाग्रामकडे गेल्यास गोरसपाक, म्हणजे तेथील गाईच्या तुपातली बिस्किटे, विसरू नये.

आपल्याच गावी सुट्टी घेण्याचा आणखी एक प्रसंग म्हणजे सण. कॉर्नवॉलमधील पॅडस्टो येथे दरवर्षी मेच्या सुरुवातीला निघणाऱ्या घोड्याच्या सोंगाच्या मिरवणुकीसाठी बाहेर स्थायिक झालेले गावकरी मुद्दाम परततात. आपल्याकडे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि काळी व पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. त्या दिवशी रजा टाकून महाल-इतवारीत पायी फिरावे. गाडी घरीच ठेवावी. सीताबर्डीचा किल्लाही २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टसारख्या मोजक्या दिवशीच सर्वांना खुला होतो, म्हणून तो दिवस दिनदर्शिकेत आधीच नोंदवून ठेवावा.

रजा फक्त मे महिन्यातच मिळत असेल, तर पारा पंचेचाळीसच्या वर असताना शिळावर्तुळे आणि किल्ले पाहण्याचा अट्टहास करू नये. अशा वेळी खुशाल चिखलदऱ्याला जावे. थंड हवेचे ते ठिकाण अमरावती जिल्ह्यात, म्हणजे विदर्भातच आहे. मात्र शनिवार-रविवार टाळून जावे आणि खोली आधी राखून ठेवावी.