ऑटोमॅटिक टाकी, हीटर, पंप: या चुका टाळा

टाकी ओव्हरफ्लो झाली की लोक आधी अख्खा व्हॉल्व्ह बदलतात, प्लीज असं करू नका. झाकण काढा, फ्लोटचा (पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याचा) दांडा हाताने वर उचला आणि धरून ठेवा. पाणी थांबलं म्हणजे व्हॉल्व्ह ठणठणीत आहे, एकतर दांडा भिंतीला घासतोय नाहीतर फ्लोटमध्येच पाणी शिरलंय, काढून कानाजवळ हलवा, खुळखुळ ऐकू येईल. नाही थांबलं तर मग वॉशर गेलाय किंवा आत कचरा अडकलाय.

हीटरच्या थर्मोस्टॅटचंही (तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्राचं) तसंच, दोष बहुतेकदा दुसरीकडेच असतो. त्याला खोली दिसत नाही, सेन्सर जिथे आहे तिथलंच तापमान कळतं, मग तो उन्हाच्या भिंतीवर लावला तर तो बिचारा काय करणार.

दुसरी चूक म्हणजे हीटर ज्या तापमानाला चालू आणि ज्याला बंद होतो ते दोन पॉइंट अगदी चिकटून ठेवणं. रिले (हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सारखा टकटक करत राहतो, कॉन्टॅक्ट जळतात आणि एक दिवस एकमेकांना चिकटूनच बसतात, मग कंट्रोलर बंद म्हणतो, त्याचा दिवाही विझतो पण हीटर तापतच राहतो. म्हणून दोन-तीन डिग्रीचा फरक ठेवा आणि वेगळा थर्मल कटआउट (फार तापलं की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) असेल तर तो सारखा ट्रिप होतो म्हणून बायपास अजिबात करू नका, तो कशामुळे ट्रिप होतोय ते शोधा.

दिव्यावरून आठवलं, 28 मार्च 1979 ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता आणि पॅनलवरचा दिवा मात्र विझलेला, कारण तो दिवा व्हॉल्व्ह नाही, फक्त बंद हो हा सिग्नल दाखवत होता. ऑपरेटरना वाटलं व्हॉल्व्ह बंद झालाय, तिकडे थंड करणारं पाणी निघून जात राहिलं आणि शेवटी भट्टीचा गाभा अर्धवट वितळला. दिवा नेमका काय दाखवतो हे आपल्या पॅनलवरही एकदा बघून घ्या.

आणि वायरिंग करताना इलेक्ट्रिशियनला आवर्जून विचारा की वरच्या टाकीच्या लेव्हल स्विचची (पाण्याची पातळी बघून पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचची) वायर तुटली तर पंप बंद होणार की चालूच राहणार? बंदच व्हायला पाहिजे.

लेव्हल स्विच बिघडला तर टाकी भरल्यावर पंप थांबवणारा बॅकअप स्विच असेल तर तोही मधूनमधून हाताने उचलून बघा. 2005 मध्ये इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत पेट्रोलच्या टाकीचा पातळी दाखवणारा गेज अडकला, वरचा बॅकअप स्विचही चालला नाही, पेट्रोल ओसंडत राहिलं आणि प्रचंड स्फोट झाला.