वर्षानुवर्षं बेपत्ता असलेला माणूस अनोळखी मृतांच्या नोंदीत कसा शोधायचा

माणूस हरवला की त्याची नोंद 'मिसिंग' रजिस्टरला होते. अनोळखी प्रेत सापडलं की 'अकस्मात मृत्यू'ला, म्हणजे एडीला. खुनाच्या जुन्या प्रकरणात मृताचं नावच कळत नाही, याचं कारण अनेकदा एवढंच असतं की मिसिंग एका जिल्ह्यात पडून आहे आणि प्रेत दुसऱ्या जिल्ह्यात. प्रेत टाकणारा कधीकधी हद्द मुद्दाम ओलांडतो. २०२२ मध्ये वसईच्या तरुणीचे अवशेष दिल्लीत महरौलीच्या जंगलात सापडले, आणि ओळख पटली ती वडिलांच्या डीएनएमुळे. म्हणून मिसिंगच्या ठाण्यात चकरा मारण्यापेक्षा शोध प्रेताच्या बाजूने सुरू करा.

आधी घरचे कागद. मिसिंग क्रमांक, ठाणं, तारीख आणि मूळ तक्रारीची प्रत हाताशी ठेवा. हरवलेली व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर नुसतं मिसिंग पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या निकालानंतर अशा वेळी गुन्हा नोंदवणं आवश्यक आहे, तो नोंदवला आहे का ते पाहा.

तक्रारीतलं वर्णन बहुधा 'रंग सावळा, बांधा मध्यम, नाक सरळ' असं असतं. सांगाड्याला यातलं काहीच उरत नाही. पुरवणी जबाब द्या आणि त्यात टिकणाऱ्या गोष्टी लिहून घ्या: हाडात बसवलेली पट्टी किंवा रॉड, जुनं जुळलेलं फ्रॅक्चर, रूट कॅनाल, दातावरची कॅप, पडलेला दात. गोंदणही लिहा, कातडी शिल्लक असेल तर ते उपयोगी पडतं. पट्टीवर कंपनीची खूण आणि बऱ्याचदा लॉट नंबर कोरलेला असतो, त्यावरून रुग्णालयापर्यंत पोहोचता येतं. सर्दीसाठी कधी काढलेला पीएनएस (नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा) एक्स-रे घरात असेल तर तो सोन्यासारखा जपा. कपाळामागच्या पोकळ्यांचा आकार माणसागणिक वेगळा असतो आणि कवटीच्या एक्स-रेशी तो ताडून पाहता येतो. रुग्णालयं जुने कागद टाकून देतात, पण मेडिक्लेमच्या फायलीत ते सापडतात. फोटो निवडताना दात दिसणारा, हसरा निवडा. कवटीवर फोटो बसवून बघण्याच्या तंत्रात दातांचाच आधार असतो. अर्थात ते तंत्र 'हा तो नव्हे' हे सांगायला जितकं चांगलं, तितकं 'हाच तो' म्हणायला नाही.

मग याद्या. राज्य पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर अनोळखी मृतदेहांचा शोध घेता येतो. उत्तरेकडच्या राज्यांसाठी झिपनेट हे पोलिसांचं संकेतस्थळ आहे. पण जुन्या नोंदी तिथे असतीलच असं नाही, त्यामुळे माहितीचा अधिकार वापरावाच लागतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. प्रत्येक पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाला वेगळा अर्ज करा. तपासाचे कागद मागू नका, माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(एच), म्हणजे तपासात अडथळा येईल हे कारण, दाखवून नकार येईल. फक्त यादी मागा: ठाणं, नोंद क्रमांक, सापडल्याची तारीख, ठिकाण, लिंग, अंदाजे वय, प्रेताची विल्हेवाट कुठे लावली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा.

इथे हमखास एक चूक होते. लोक फक्त एडीची यादी मागतात. गळा चिरलेलं किंवा हातपाय बांधलेलं प्रेत मिळालं तर पोलीस बऱ्याचदा थेट खुनाचा गुन्हा नोंदवतात, ते एडीच्या यादीत दिसतच नाही. आरोपी मिळाला नाही तर पुढे तो गुन्हा 'अ' समरीत जातो, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस न आलेला. म्हणून 'मृताची ओळख न पटलेले, अ समरी झालेले खुनाचे गुन्हे' ही दुसरी यादी वेगळ्या अर्जाने मागा. रुळांवरच्या मृतदेहांसाठी लोहमार्ग पोलिसांना तिसरा अर्ज. नदीत टाकल्याचा संशय असेल तर प्रवाहाच्या खालच्या अंगाचे सगळे तालुके घ्या.

यादी वाचताना हात सैल ठेवा. वयात दहा वर्षं इकडेतिकडे धरा, उंचीत दोन-तीन इंच. पंचनाम्यातल्या रंगावर विश्वास नको, कुजताना गोरं प्रेतही काळं पडतं आणि चेहरा इतका फुगतो की आईलाही ओळखू येत नाही. उलट गोंदण टिकतं. वरची कातडी सोलली गेली की कधीकधी ते जास्तच ठळक दिसतं. कपडे दुय्यम, पण कॉलरमागचं शिंप्याचं लेबल नाही. आधारवरून बोटांचे ठसे जुळवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. आधार कायद्याचं कलम २९ ठसे कुणालाही देऊ देत नाही, त्यात वेळ घालवू नका.

एखादी नोंद जुळतेय असं वाटलं की त्या ठाण्याला लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. इन्क्वेस्ट (प्रेताचा) पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, फोटो आणि मुद्देमाल रजिस्टर दाखवायला सांगा. दात किंवा मांडीचं हाड राखून ठेवलंय का, हा खरा प्रश्न. फॉर्मॅलिनमध्ये (अवयव टिकवायच्या रसायनात) ठेवलेल्या अवयवातून डीएनए मिळणं अवघड, आणि ओलं हाड प्लास्टिकमध्ये बंद केलं असेल तर बुरशीने त्याची वाट लावलेली असते. काहीच उरलं नसेल, पण प्रेत पुरलं असेल, तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ते उकरता येतं. पेण तालुक्यात मे २०१२ मध्ये सापडलेले जळके अवशेष २०१५ मध्ये असेच बाहेर काढले गेले. दहन झालं असेल तर हा रस्ता बंद.

डीएनए नमुना तुम्ही प्रयोगशाळेत परस्पर देऊ शकत नाही. तपास अधिकाऱ्याचं पत्र लागतं. ते मिळत नसेल तर न्यायालयात अर्ज करा. दोन-तीन मिली रक्त, जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत, फोटो लावलेल्या ओळखपत्रासह, सीलबंद आणि थंड पेटीतून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. कुणाचं रक्त द्यायचं हे महत्त्वाचं. आई-वडील दोघंही असतील तर उत्तम. ते नसतील तर मुलं, आणि सोबत मुलांच्या दुसऱ्या पालकाचा नमुना. एकट्या भावाच्या नमुन्यावर निकाल डळमळीत येऊ शकतो. फक्त मावशी उरली असेल तर आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मागा, मृत पुरुष असून फक्त काका उरले असतील तर वाय गुणसूत्राची चाचणी. देणाऱ्याला नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बोन मॅरो बदललेला असेल तर आधी सांगा. आई-वडील म्हातारे असतील तर नमुना आजच देऊन ठेवण्यासाठी आग्रह धरा, प्रेत पुढे कधीही सापडो.

जुळलं की पोलिसांकडे पुढील तपासाची मागणी करा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३(९), म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७३(८). खुनाला मुदतीची मर्यादा नाही. १ जुलै २०२४ पूर्वीच्या खुनाला भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ च लागतं. मृत्यूच्या दाखल्यासाठी नवी नोंद करायला जाऊ नका. प्रेत जिथे सापडलं तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत 'अनोळखी इसम' अशी नोंद बहुधा आधीच झालेली असते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली तीच दुरुस्त होते. सात वर्षांनंतर न्यायालयाकडून मृत घोषित करून घेतलं असेल तर त्या आदेशाची प्रतही जोडा, नाहीतर एकाच माणसाचे दोन तारखांचे दोन दाखले होतात आणि वारसाच्या कामात तलाठी ते दोन्ही परत पाठवतो.