बाईकने जाऊन एका दिवसात गड करताय? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे राईडचा प्लॅन वेगळा आणि ट्रेकचा वेगळा करणं. पुण्याहून वेल्हे दोन तास, तोरणा करून खाली यायला अमुक तास, की झाला प्लॅन. पण उतरल्यावर त्याच थकलेल्या पायांनी घाटात ब्रेक-गिअर सांभाळायचेत हे कोणी धरतच नाही.

तोरण्याचंच गणित बघा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाचा 1892 चा नियम आहे, सपाटीवर तासाला 5 किमी आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. तोरणा 1403 मीटर, वेल्ह्यातून चढ साधारण 700 मीटरचा, म्हणजे कागदावर दोनेक तासात वर. प्रत्यक्षात ऊन असतं, कातळटप्पे असतात, दर दहा मिनिटांनी "थांबा रे जरा" म्हणणारा एक जण असतोच, त्यामुळे तीन धरा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तर चारला गाडी चालू झाली पाहिजे आणि त्या हिशोबाने वरून निघायची वेळ आदल्या दिवशीच ठरवा, मग गडाच्या टोकाची बुधला माची बघायची राहिली तरी चालेल.

दुसरं, मॅपवर नुसतं "हरिश्चंद्रगड" टाकून निघणं. गडाला वाटा अनेक, खिरेश्वर माळशेजच्या बाजूला, पाचनई पार राजूरकडून, बेलपाडा तर खाली कोकणात. चुकीच्या गावात पोचलात तर गाडी वळवून जाण्यात अर्धा दिवस गेला समजा. गडाचं नाही, पायथ्याच्या गावाचं नाव टाका, आणि नेट गावात मिळेलच असं नाही म्हणून मॅप आधी डाउनलोड करा.

तोरणा-राजगड रेंज करणाऱ्यांचा घोळ वेगळाच. गाडी वेल्ह्यात, उतरले राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात, आणि संध्याकाळी वडाप (शेअर जीप) शोधत उभे! दोन बाईक असतील तर एक आधी गुंजवण्यात लावून या. मोठा ग्रुप असेल तर दोन्हीकडून सुरुवात करा आणि मधल्या डोंगरसोंडेवर भेटलात की चाव्या बदला, मस्त जमतं, फक्त एकमेकांना न दिसता पुढे जाऊ नका म्हणजे झालं.

गाडी रस्त्याकडेला सोडू नका. गावातल्या एखाद्या मामांना विचारून अंगणात लावा, पार्किंगचे पैसे द्या, पिठलं-भाकरी हवी असेल तर चढायच्या आधीच सांगून ठेवा. पावसाळ्यात साईड स्टँडखाली चपटा दगड सरकवा, नाहीतर चार तासांत स्टँड चिखलात रुततो आणि गाडी आडवी, वर क्लच लिव्हर तुटलेला. हेल्मेट त्याच घरी ठेवा, गडावर घेऊन फिरायची गरज नाही. दुसरी चावी मात्र मित्राच्या सॅकमध्ये असू दे.

आणि उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे, त्यांना काय बोलायचं! इंजिनचा ब्रेक गेला की सगळा भार डिस्क-ड्रमवर येतो आणि ते तापले की धरत नाहीत, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरा. टाकी हायवे सोडायच्या आधीच भरली की हे सुचतच नाही. डोळे जड वाटले तर "चहा घेऊ मग बघू" करू नका, सरळ गाडी बाजूला घ्या आणि वीस मिनिटं झोपा.