कात्री नंतर, आधी सावली बघा

कोलाज करायला बसलं की हात आधी कात्रीकडे जातो. माझाही जायचा. मासिकातला चेहरा, जुन्या नकाशाचा तुकडा, वर्तमानपत्रातला पूल, आवडेल ते कापायचं आणि मग तासन्‌तास जुळवत बसायचं. जुळायचं मात्र काहीच नाही. ठिगळं ती ठिगळंच दिसायची.

खोट उजेडात होती. चेहऱ्यावर तो डावीकडून पडलेला, पुलावर उजवीकडून. आता मी कापण्याआधी प्रत्येक चित्रातली सावली बघते आणि पाठीमागे पेन्सिलीने बाण काढते. एका दिशेचे बाण एका पाकिटात. फारच हवंसं चित्र उलट्या उजेडाचं निघालं, तर स्कॅन करून आडवं उलटवते. तेव्हा त्यात अक्षरं नाहीत ना, हे तपासा. माझ्या एका चित्रातल्या घड्याळाचे आकडे उलटे आहेत, आणि ते मला चिकटवल्यावर दिसले.

दुसरं, भिंग घ्या. वर्तमानपत्राची छपाई साधारण इंचाला ठिपक्यांच्या ८५ ओळींची, चकचकीत मासिकाची १५०च्या आसपास. म्हणून वर्तमानपत्रातलं चित्र मोठं केलं की ठिपके फुगतात. मी ते लहानच ठेवते, मागच्या बाजूला, लांबचं वाटेल असं. शिवाय त्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, त्याने कागद पिवळा पडतो. तेव्हा मूळ कात्रण जपून ठेवा आणि चांगल्या कागदावरची प्रत चिकटवा.

पांढऱ्या गममध्ये पाणी असतं, पातळ कागद ते पितो आणि सुरकुततो. अशा कागदाला ग्लू स्टिक बरी. मधून कडेकडे दाबत जा, वर बटर पेपर, त्यावर जाडजूड पुस्तक, रात्रभर.

तुकडे किती? तीन ठिकाणचे पुरेत. चौथा घेतला की माझं चित्र बाजार होतं.

चित्र लोकांपुढे ठेवायचं असेल तर पाठीमागच्या बाणाशेजारी त्या प्रतिमेचा परवानाही लिहा, म्हणजे ती कुठल्या अटींवर वापरता येते ते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली सुमारे ३,७५,००० प्रतिमा सीसी-झीरोखाली, म्हणजे हक्क सोडून देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, खुल्या केल्या. त्या बिनधास्त कापा. त्याच कॉमन्सच्या ‘बाय-एसए’ (नाव द्या, नवं कामही याच परवान्याखाली द्या) आणि ‘बाय-एनसी-एसए’ (तेच, पण धंद्यासाठी नाही) यांचे तुकडे एका कोलाजात मिसळून प्रसिद्ध करता येत नाहीत, कारण दोन्ही आपलाच परवाना पुढे लावायला सांगतात. ‘एनडी’वाल्यांचं, म्हणजे बदल करून प्रसिद्ध करायला मनाई असलेल्यांचं, पाकीट मी वेगळंच ठेवते. त्यांची कोलाजं फक्त माझ्या भिंतीवर.